पंक्चरच्या वहीतला सायकल-नकाशा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मध्यंतरी तुमच्या पेपरात सायकल पर्यटनावर दोन-तीन पत्रं आली. कुणी म्हणतंय कासला सायकल ट्रॅक करा, कुणी म्हणतंय महाबळेश्वरला करा, एकानं तर ट्रॅकला लायटिंग आणि सेल्फी पॉइंट पण सुचवला. वाचून बरं वाटलं, निदान सायकल हा शब्द तरी छापून आला, नाहीतर आमच्या धंद्याची आठवण लोकांना फक्त पर्यावरण दिनाच्या रॅलीला होते. रॅलीच्या आदल्या दिवशी दुकानात ही गर्दी, वर्षभर माळ्यावर पडलेल्या सायकली हवा भरायला खाली येतात आणि रॅली झाली की परत माळ्यावर.

माझं साताऱ्यात सायकलचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. विक्री थोडी, रिपेअरिंग जास्त. माझ्याकडं दोन टाईपचं गिऱ्हाईक येतं. एक म्हणजे आसपासच्या गावातली शाळेची पोरं-पोरी, एमआयडीसीत शिफ्टला जाणारे कामगार, दूधवाले, सकाळी पेपर टाकणारे. दुसरं म्हणजे गिअरची सायकल, हेल्मेट, टाईट कपडे, पुण्या-मुंबईहून आलेले किंवा आपल्याच गावातले डॉक्टर, वकील वगैरे. वरवर बघितलं तर ह्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण दोघं एकाच ठिकाणी पडतात, आणि ते मला माहितीय कारण माझ्याकडं एक वही आहे.

२०२० ला लॉकडाऊन उठल्यावर सायकलींची लाटच आली होती, मिळेल ती सायकल लोक बाहेर काढत होते, तेव्हा काम लक्षात राहीना म्हणून मी वही घातली. तारीख, काय काम, किती पैसे. आणि सहज म्हणून एक रकाना ठेवला, ‘कुठं झालं’. सुरुवातीला गंमत होती पण पुढं पुढं त्या रकान्यानं मलाच शिकवलं. म्हणजे बघा, ट्यूबमध्ये बाभळीचा काटा निघाला की गाडी पाणंदीनं, म्हणजे शेतातल्या वाटेनं, नाहीतर कॅनॉलच्या रस्त्यानं आलीय हे विचारायच्या आधीच कळतं. खिळा किंवा वायरचा तुकडा निघाला की सर्व्हिस रोड. रिमला आऊट आलाय, म्हणजे चाक वाकडं झालंय, आणि पुढच्या तारा तुटल्यात म्हणजे गटाराच्या जाळीत चाक गेलं किंवा अंधारात स्पीडब्रेकर दिसला नाही. आणि पुढचं चाक धरणारा फोर्कच वाकलाय म्हणजे मग मी काही विचारत नाही, आधी बसायला स्टूल देतो आणि पाणी देतो, कारण तो माणूस हायवे ओलांडताना पडलेला असतो.

त्या वहीवरून एक गोष्ट मला पक्की कळली, आपल्या जिल्ह्यात सायकल चालवायला रस्ते भरपूर आहेत, अडतंय ते त्यांच्या जोडांवर. गावातला रस्ता चांगला असतो, पुढचा पण चांगला असतो, मधे दोनशे मीटर असं काहीतरी असतं की पोरगी सायकल हातात धरून चालत जाते किंवा तिचा बाप म्हणतो की नको जाऊ, एसटीनं जा. एसटी चुकली की शाळा बुडली. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की नवीन ट्रॅक बांधायच्या आधी हे जोड बसवा, म्हणजे ट्रॅक आपोआप तयार होतो आणि तो सगळ्या जिल्ह्याचा होतो.

कासचं उदाहरण घेऊ, कारण सगळ्यांच्या डोक्यात तेच असतं. कास २०१२ ला जागतिक वारसा यादीत गेलं, पश्चिम घाटातल्या बाकीच्या जागांबरोबर. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर, आणि सुरुवातच यवतेश्वरच्या घाटानं. फुलांच्या सीझनला शनिवार-रविवार तिथं गाड्यांची काय रांग असते ते सातारकरांना सांगायला नको. ह्या चढावर साधी सायकल घेऊन पुण्याचं कुटुंब दोन पोरांसकट जाईल असं ज्याला वाटतं त्यानं एकदा स्वतः जाऊन बघावं, मी वर चहा घेऊन थांबतो. पाचगणीचं पण तेच, वाईपासून पसरणीचा घाट बारा-तेरा किलोमीटर आणि तेवढ्यात साडेपाचशे मीटरच्या वर उंची चढायची. ज्याच्या पायात दम आहे त्याला हे घाट हवेच असतात, हाफ मॅरेथॉनला यवतेश्वरच्या घाटात माणसं पळतात तर सायकलवर चढणारे पण असणारच. त्यांच्यासाठी घाट आहेत तसे ठेवा, फक्त बाजूपट्ट्या भरा आणि वळणावर झाडी छाटा. पण पहिला पैसा तिथं घालू नका.

पहिला पैसा नदीकाठी घाला. कृष्णा महाबळेश्वरला निघते, धोमच्या धरणाला अडते, मग मेणवली, वाई, पुढं लिंब, मग माहुलीला वेण्णा येऊन मिळते आणि तिथून खाली कराडला कोयना. ह्या पट्ट्यात सगळं सपाट नाही, पण घाट पण नाही. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट, लिंबला बारा मोटांची विहीर, विरूबाई भोसल्यांनी बांधलेली, एकावेळी बारा मोटा चालायच्या म्हणून ते नाव, क्षेत्र माहुलीला आणि संगम माहुलीला घाट आणि देवळं, रामशास्त्री प्रभुणे माहुलीचेच. बाहेरच्या राज्यात एवढं सगळं एका नदीवर असतं तर त्यांनी काय केलं असतं माहीत नाही. आपण हायवेला एक बोर्ड लावलाय आणि विहिरीपर्यंत लोक गाडीनं जातात, फोटो काढतात, परत हायवेला येतात, गावात एक चहासुद्धा पीत नाहीत.

आता ह्या वाटेतला जोड बघा. वाई आहे पुणे-बंगळूर हायवेच्या पश्चिमेला, लिंब पूर्वेला. म्हणजे वाईहून नदीच्या बाजूनं कितीही झाडीतून आलात तरी कुठंतरी हायवे ओलांडावाच लागतो. गेल्या दिवाळीनंतर पुण्याचं एक जोडपं माझ्याकडं आलं होतं, नवरा-बायको, दोघं पन्नाशीचे असतील. त्यांना मॅपनं आधी एका पाणंदीत घातलं, ती पाणंद उसाच्या फडात जाऊन संपली, तिथून माघारी फिरून ते सर्व्हिस रोडला आले तर समोरून राँग साईडनं ऊसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, मोळ्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या. बाई खाली मातीत उतरल्या म्हणून वाचल्या. रिम सरळ करेपर्यंत ते दोघं गप्प बसलेले, मग बाई म्हणाल्या, “काका, नदीकडनं जायला रस्ता असेलच ना हो?” मी म्हटलं आहे, पण तुम्हाला कोण सांगणार. रस्ता होता, दीड किलोमीटर मागं बोगदा होता खालून जायला, गावातलं शेंबडं पोर त्यातनं रोज जातं, पण तिथं पाटी नाही.

पाटीवरून आठवलं. बेल्जियममध्ये लिम्बर्ग नावाचा जिल्हा आहे, कोळशाच्या खाणींचा. तिथं १९९५ ला ह्यूगो बोलेन म्हणून खाणीतल्या एका इंजिनिअरनं एक साधी आयडिया काढली. सायकलच्या रस्त्यांना नावं देण्याऐवजी जिथं दोन रस्ते मिळतात त्या जागेला नंबर द्यायचा. त्या नंबराच्या पाटीवर बाण, इकडं गेलास तर ३१, तिकडं गेलास तर ४७. बास. माणूस घरनं निघताना चिठ्ठीवर लिहितो १२-३१-४७-५०, चिठ्ठी खिशात, भाषा येत नसली तरी चालतंय, मोबाईलची बॅटरी गेली तरी चालतंय. पुढं ते सगळ्या बेल्जियममध्ये आणि हॉलंडमध्ये पसरलं. गिअरवाल्या एका गिऱ्हाईकानं मला त्याचे फोटो दाखवले तेव्हा मी म्हटलं ह्याला लागतंय काय, एक पाईप, एक पत्रा आणि रेडियमचा आकडा. आमच्या शेजारचा रेडियमवाला एका दिवसात पन्नास करून देईल.

ही आयडिया मला का आवडली तर तिच्यात रस्ता नवीन बांधत नाहीत. आहे त्या रस्त्यांतले चांगले निवडतात, त्यांच्या गाठी मोजतात आणि जिथं गाठ सुटलीय तिथंच काम करतात. आपल्याकडं हे नवीन पण नाही. वारीचं बघा की, माउलींची पालखी नीरेवरून आपल्या जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम ठरलेले, कुठल्या गावात चहा, कुठं जेवण, कुठं पाणी हे दिंडीतल्या म्हातारीला पण पाठ असतं. जाळं माणसांच्या ठरलेल्या थांब्यांनी होतं, डांबर नंतर.

आता आहे ते रस्ते म्हणजे कुठले, तर एक पाणंदी, दोन गावांना जोडणारे जिल्हा परिषदेचे रस्ते आणि तिसरे, माझ्या मते सगळ्यात भारी, कॅनॉलचे. धोमचा डावा आणि उजवा कालवा आहे. आरफळचा कालवा कण्हेर धरणाचं पाणी घेऊन पार सांगली जिल्ह्यात पलूस-तासगावच्या शिवारात जातो. खाली कराडजवळ खोडशीच्या बंधाऱ्यातून कृष्णा कालवा निघतो, तो तर इंग्रजांच्या काळातला, तो पण पलूसकडं. पाणी उतारानं जायला पायजे म्हणून कॅनॉल एकदम हळूहळू उतरत जातो, म्हणजे त्याच्या कडेचा रस्ता पण तसाच, ना चढ ना उतार. सायकलवाल्याला ह्यापेक्षा काय पायजे? एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस, हळद नाहीतर आलं, सावलीला झाडं. सांगलीकरांनी त्या बाजूनं हेच केलं तर औदुंबर, भिलवडी, पुढं हरिपूरचा संगम असं सगळं ह्याच माळेत येतं, आणि सातारा-सांगली हा काय वेगळा देश नाही, नदी एकच आहे.

पण कॅनॉलचा रस्ता म्हणजे काय ते लिहिणाऱ्यांनी एकदा जुलैत जाऊन बघावं. काळी माती, पाऊस पडला की नुसती चिकण. ती टायरला लागते, मडगार्डमध्ये जाऊन बसते, आणि शंभर पावलात चाक फिरायचं बंद होतं. शाळेची पोरं दप्तरात एक काटकी ठेवतात, मडगार्डमधली माती काढायला, मी बघितलीय. एका पोरीनं तर मडगार्डच काढून टाका म्हणून सांगितलं, काढलं, मग पाठीवर चिखलाचा पट्टा उठायला लागला म्हणून आठवड्यात परत बसवायला आली. तिथं डांबर नको, मुरूम टाकून वर बारीक खडी आणि रोलर फिरवा, पाण्याला बाजूला जायला वाट ठेवा. दर पावसाळ्यानंतर परत एकदा मुरूम. आणि वेडी बाभूळ काढा, ती काढली तर माझा धंदा कमी होईल पण ठीक आहे.

सगळ्यात वाईट जोड बंधाऱ्याचे. नदीवर पूल लांब लांब आहेत, मधे कोल्हापुरी बंधारे आहेत, आणि बंधाऱ्यावरून माणसं जातात. जायला नको, पण जातात, कारण पुलानं सात-आठ किलोमीटरचा वळसा पडतो. असाच एक बंधारा माझ्या वहीत सारखा येतो, गावाचं नाव लिहीत नाही, उगाच सरपंचांना वाईट वाटायला नको. मागच्या उन्हाळ्यात मी स्वतः भाच्याला घेऊन बघायला गेलो. वरची फळी म्हणजे सायकल हातात धरली तर माणूस आणि सायकल कसेबसे शेजारी-शेजारी मावतात. कठड्याचे पाईप अर्धे आहेत, अर्धे कुणी भंगारात घातले देव जाणे. मधे दोन ठिकाणी काँक्रीट फुटून गज वर आलेत, एका गजाला कुणीतरी लाल फडकं बांधलंय, तेवढीच काय ती सरकारी-निमसरकारी सूचना. आम्ही मधे उभे होतो तेवढ्यात समोरून तीन पोरी आल्या, युनिफॉर्ममध्ये, क्लासहून परत येत असतील. आम्हाला बघून त्या अलीकडंच थांबल्या, सायकली वळवून उभ्या केल्या, आम्ही पार होईपर्यंत वाट बघितली. कुणी शिकवलेलं नाही, सिग्नल नाही, पण वन-वेची शिस्त त्यांनीच लावलीय. खाली पाणी हिरवंगार. भाचा म्हणाला मामा, पावसात? मी म्हटलं पावसात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढतात आणि वरून पाणी जातं, मग ह्या पोरी एसटीनं जातात नाहीतर जात नाहीत.

ह्या बंधाऱ्याला बाजूला एक साधा पायपूल, सायकल-माणूस जाईल एवढाच, कठड्यासकट, केला तर त्या पोरींची शाळा पण होते आणि त्या पुण्याच्या जोडप्याची नदीकाठची सफर पण होते. लोकल की टुरिस्ट हा वाद मला म्हणूनच कळत नाही. ज्या रस्त्यावरनं आठवीतली पोरगी रोज न घाबरता जाते तो रस्ता टुरिस्टला चालतोच. उलटं होत नाही, टुरिस्टसाठी बांधलेला ट्रॅक शाळेकडं जाईलच असं नाही, आणि सीझन संपला की त्यावर मका वाळत घालतात.

आता शेतकऱ्यांचं म्हणणं पण ऐकायला पायजे. माझे बरेच गिऱ्हाईक शेतकरीच आहेत आणि पाणंद म्हटलं की पहिलं भांडण हद्दीचं. दुसरी भीती म्हणजे बाहेरची माणसं येणार, हरभरा उपटणार, ऊस मोडणार, प्लास्टिक टाकून जाणार, रात्री पार्ट्या करणार. ही भीती खोटी नाही, कॅनॉलवर बाटल्या कुणाच्या पडलेल्या असतात ते आपण बघतोच. पण पार्टीवाले चारचाकीनं येतात, सायकलवर कुणी बाटल्यांचा बॉक्स घेऊन येत नाही. रस्त्याच्या तोंडाला दोन खांब असे रोवायचे की सायकल आणि टू-व्हीलर आत जाईल, कार जाणार नाही. बैलगाडीला आणि ट्रॅक्टरला शेताकडं जायला लागतं, तिथं साखळी आणि किल्ली गावाकडं. आणि गळीत हंगामात, कारखान्याचं बॉयलर पेटल्यापासून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप बंद होईपर्यंत, ज्या रस्त्यावरनं ऊस जातो त्यावर सायकलचा नंबर देऊच नका, तेवढ्यापुरता दुसरा रस्ता दाखवा. ट्रॅक्टरवाल्याचं पण पोट आहे, त्याला मागचं दिसतच नाही, टेपचा आवाज तर विचारू नका.

खरी अडचण वेगळीच आहे. पाणंद तहसीलदारांकडं आणि ग्रामपंचायतीकडं, कॅनॉलचा रस्ता पाटबंधाऱ्याकडं, गावाचा रस्ता झेडपीकडं, मोठा रस्ता बांधकाम खात्याकडं, हायवे दिल्लीकडं आणि शहरात आलं की नगरपालिका. वाई ते माहुली एवढ्या वाटेत हे सगळे येतात. एकाची हद्द संपून दुसऱ्याची सुरू झाली हे सायकलवाल्याला खड्ड्यावरून कळतं. जोडाचा खड्डा नेहमी हद्दीवरच असतो आणि तो कुणाचाच नसतो. म्हणून हे काम कुठल्या एका खात्याला देऊन होणार नाही, जिल्हा नियोजन समितीनं एक माणूस नेमावा ज्याच्याकडं फक्त हे जोड असतील, आणि त्याला आठवड्यातून एकदा तरी सायकलवर बसवावं, एसी गाडीतून बंधाऱ्याचा कठडा दिसत नाही.

दोन बारक्या गोष्टी राहिल्या. एक, आधी एसटीच्या टपावर सायकल जायची, मागं शिडी असायची, कंडक्टर शिव्या देत का होईना चढवू द्यायचा. आता टपच सपाट. घाटातल्या एक-दोन फेऱ्यांना मागं सायकल अडकवायचा स्टँड लावला तर लोक वर एसटीनं जातील आणि खाली सायकलनं येतील, म्हाताऱ्याकोताऱ्यांना पण पसरणी जमेल (ब्रेकचे रबर बदलून घ्या मात्र, उतारात ते पाघळतात). दुसरी, आपलं रेल्वे स्टेशन पार माहुलीला, गावापासून लांब, रिक्षाला किती लागतात ते विचारू नका. तिथं भाड्यानं सायकली ठेवल्या आणि गाठ नंबर १ तिथंच दिली तर सगळं गणित जुळतं, उतरला की माणूस थेट नदीकाठाला.

माझी वही आता तिसरी चालू आहे. त्यातल्या ‘कुठं झालं’च्या रकान्यावरून भाच्यानं एका मोठ्या कागदावर जिल्ह्याचा नकाशा काढून टिकल्या लावल्यात, बायकोच्या पाकिटातल्या, लाल म्हणजे पडलेले, हिरव्या म्हणजे काटे. कृष्णेच्या काठानं लाल टिकल्यांचे पुंजके आहेत, मोजून अकरा. अकरा ठिकाणं, साहेब, पूर्ण जाळं नको, तेवढी अकरा बघा. नकाशा दुकानात भिंतीला लावलाय, कुठल्याही खात्याच्या साहेबांनी यावं, बघावं, फोटो काढून न्यावा.

आणि अकरा पण जड जात असतील तर तो बंधारा तेवढा घ्या. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, पाणी वरून जायला जुलै लागतो. कठड्याचे पाईप आणि ते दोन गज, वेल्डरचं दोन दिवसांचं काम आहे, वेल्डर मी देतो.

आपला,
एक सायकल दुकानदार, सातारा